एक काना जास्तीचा

आमच्या सरांच्या सदऱ्याच्या खिशात कायम चिंचोके असायचे. सर दिसायच्या आधी त्यांची खुळखुळ ऐकू यायची. पहिल्या दिवशी आम्ही पोरी तोंड दाबून हसलो होतो, एवढा चाळिशीचा माणूस आणि चिंचोके खेळतो! गावानं आठ दिवसांत नाव ठेवून टाकलं, चिंचोके सर. त्यांचं खरं नाव मी इथं लिहीत नाही. आमच्या गावानं त्या नावाची जी शोभा केली तेवढी पुरे. इतकी वर्षं झाली तरी ते सगळं आठवलं की माझं डोकं तापतं. दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा राग येतो, त्या चौकशीच्या साहेबाचा येतो, स्वतःचा येतो. आणि खोटं कशाला बोलू, सरांचाही येतो.

आमचं गाव जळकोटच्या अलीकडे, माळावर. शाळा जिल्हा परिषदेची, पत्र्याची, दहावीपर्यंत. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. शाळेच्या पाटीवरचं उस्मानाबाद खोडून त्यावर लातूर लिहिलं होतं, पण रंग पातळ लावल्यानं दोन्ही नावं एकदम वाचता यायची. पाऊस दोन वर्षं धड पडला नव्हता. शाळेला येताना प्रत्येकानं तांब्याभर पाणी आणायचं आणि वर्गाच्या कोपऱ्यातल्या रांजणात ओतायचं असा नियम होता. बौद्ध वस्तीवरच्या पोरांचा रांजण वेगळा, तो बाहेर, लिंबाखाली. हा नियम कुठंच लिहिलेला नव्हता, तरी सगळ्यांना पाठ होता.

सर मूळचे नांदेडचे, मुसलमान. वडिलांचं तिथल्या इतवारा भागात पुस्तकं बांधायचं दुकान होतं. बांधायला आलेली मराठी पुस्तकं वाचत वाचत ते मोठे झाले, असं ते स्वतः सांगायचे. आमच्याकडं ते विज्ञान आणि गणित शिकवायचे, पण त्यांचा खरा जीव मराठीवर. मराठीच्या बाईंना चालायचं ते अक्षर सरांना चालायचं नाही. आम्ही हाय, न्हाई, लई करणारी पोरं, आणि हा माणूस ऱ्हस्व-दीर्घासाठी आमच्या मागं हात धुऊन लागलेला. "पाणी हा शब्द दुसऱ्या वेलांटीचा आहे, बेटा. दुष्काळात तरी त्याला पुरा लिही." घरी बायकोमुलांशी ते दखनी उर्दू बोलायचे, वर्गात मात्र पुस्तकासारखं बोलायचे. कुणी कौतुकानं म्हणालं की मुसलमान असून तुमचं मराठी किती साफ, की सरांचा चेहरा पडायचा. "असून म्हणजे काय?" एवढंच विचारायचे.

माझ्या हाताला एक खोड होती. मी काने जास्तीचे द्यायची. वजन लिहायला गेले की वाजन व्हायचं, गरम लिहायला गेले की गारम. सर वही बघून कपाळाला हात लावायचे. "अगं, सरपंचाची लेक आहेस म्हणून काय काने वाटत फिरतेस?" वर्ग खो खो हसायचा. मग फळ्यापाशी बोलावून तो शब्द लिहायला लावायचे आणि जास्तीचा काना मला माझ्याच बोटानं पुसायला लावायचे. त्या दोन वर्षांत मी किती काने पुसले असतील त्याची गणती नाही. सवय मात्र गेली नाही.

चिंचोके म्हणजे सरांचे इलेक्ट्रॉन. फरशीवर खडूनं गोल काढायचा, तो अणू. गोलाच्या कडेला चिंचोके मांडायचे. "अणूला एकच ध्यास असतो," ते सांगायचे. "बाहेरच्या कडेवर आठ झाले पाहिजेत. आठ झाले की तो निवांत." मग सोडियमच्या कडेवर एक चिंचोका ठेवायचे आणि क्लोरीनच्या कडेवर सात. "आता सांगा भई, या बिचाऱ्यानं आणखी सात गोळा करत फिरावं, की आहे तो एक देऊन मोकळं व्हावं? आतल्या कडेवर त्याचे आठ आहेतच." आम्ही ओरडायचो, "देऊन टाकावा!" सोडियमचा चिंचोका क्लोरीनकडं जायचा. दिला तो धन झाला, घेतला तो ऋण झाला, आणि दोघं एकमेकांना ओढून चिकटून बसले. झालं मीठ तयार. सर तेवढ्यावर सोडायचे नाहीत. "पण हे देण्याघेण्याचं नातं," ते बोट वर करून म्हणायचे, "पाण्यात पडलं की सुटतं. दोघं वेगळे हिंडायला लागतात."

दुसऱ्या प्रकारच्या बंधाला पुस्तकात सहसंयुज बंध म्हटलं होतं. हा शब्द काही केल्या आमच्या तोंडात बसेना. कुणी सवसंयूज म्हणायचं, कुणी सासंयोग. सर वैतागले. "सोडा. सामाईक बंध म्हणा. परीक्षेत मात्र सहसंयुजच लिहा." सामाईक हा शब्द आम्हाला लगेच कळला. तो आमच्या सात-बाऱ्यातला शब्द. सामाईक विहीर, सामाईक वाट. दोघांची मिळून एक वस्तू, वाटणी न झालेली. सरांनी आमच्या सोयीसाठी आमचाच शब्द उचलला आणि त्यापायी पुढं अडकले.

पाण्याचा रेणू शिकवायचा होता त्या दिवशी त्यांनी तीन पोरी उभ्या केल्या. ऑक्सिजन म्हणून सुमन, तिच्या ओंजळीत सहा चिंचोके. हायड्रोजन म्हणून मी आणि वाण्याची शोभा, आमच्याकडं एकेक. सुमन बौद्ध वस्तीवरची. वर्गात सगळ्यांत हुशार, गणितात तर माझ्या दुप्पट पुढं, पण बसायची शेवटच्या बाकावर, एकटी. सर म्हणाले, "हात धरा. सुमननं एक चिंचोका टाकायचा, तू एक टाकायचा. दोघींच्या तळहातांमध्ये ती जोडी. ती तिचीही, तुझीही." मी थबकले. आजवर सुमनला मी कधी शिवले नव्हते. कुणी शिवू नको म्हणालं होतं असंही नाही, ते आपोआपच कळत होतं. सर शांतपणे म्हणाले, "पाणी व्हायचं असेल तर हात धरावाच लागेल, बेटा." मी धरला. तिचा हात खरखरीत होता, आणि माझ्यापेक्षा तीच जास्त घाबरली होती.

"मोजा आता," सर म्हणाले. सुमनचे स्वतःचे चार उरलेले आणि दोन्ही हातांतल्या दोन जोड्या, झाले आठ. आम्हा हायड्रोजनांचं घर लहान, आमचं दोघांतच भागलं. "कुणाचं काही गेलं का? नाही. सगळ्यांचं भरलं का? भरलं." शोभानं विचारलं, "सर, पर सुमननं सगळे आपल्याकडं वढले तर?" सर खूश झाले. "ऑक्सिजन थोडं आपल्याकडं ओढतोच. तेवढं चालतं. पण तोडून एकट्यानं घेतलं, की पाणी राहत नाही." मग त्यांनी वहीत लिहून घ्यायला सांगितलं: पाण्यातले बंध सामाईक असतात. त्यांवर दोघांचा सारखाच हक्क असतो. एकाने ओढून नेले तर पाणी पाणी राहत नाही.

आता गावातली भानगड सांगायला हवी. त्या उन्हाळ्यात सरकारी दुष्काळी कामावर ओढ्याला एक मातीचा बांध घातला गेला होता. माती वाहायला सगळ्यांत जास्त माणसं वस्तीवरची होती, सुमनची आई आणि सुमनसुद्धा. दिवाळीच्या सुमारास अवकाळी पावसाची एक सर येऊन गेली आणि बांधामागं डोहभर पाणी साठलं. सगळ्या शिवारात तेवढंच पाणी. ओढ्याच्या कडेचं रान आमचं होतं. दादांनी डोहात इंजिन टाकलं, आमच्या उसाला पाणी सुरू केलं आणि वस्तीच्या अंगानं बाभळीच्या काट्या टाकून वाट बंद केली. वस्तीनं खाली वाळूत झिरा खोदून वाटी वाटीनं पाणी भरायचं. यावरून रोज ओसरीवर चर्चा, रोज कुणीतरी चढ्या आवाजात बोलायचं.

आमच्याकडं पोरांनी मोठ्यानं वाचायचं असतं, म्हणजे घरच्यांना कळतं की अभ्यास चालू आहे. त्या संध्याकाळी दादा गावातल्या चार लोकांबरोबर ओसरीवर बसून त्या डोहाबद्दलच बोलत होते, आणि आत मी मांडी घालून डुलत डुलत वाचत होते: "पाण्यातले बांध सामाईक असतात. त्यांवर दोघांचा सारखाच हक्क असतो. एकाने ओढून नेले तर पाणी पाणी राहत नाही." काना पडला होता. बंध हा शब्द आमच्या बोलण्यातच नाही, बांध मात्र जन्मल्यापासून कानावर. हातानं आपोआप काना दिला आणि तोंडानं तो वाचला. ओसरीवरचं बोलणं एकदम थांबलं.

"काय म्हणलीस? फिरून वाच," दादा म्हणाले. मी मोठ्या हौसेनं फिरून वाचलं. मला वाटलं, आपल्या अभ्यासाचं कौतुक आहे.

"कुणी शिकवलं हे?"

"सरांनी."

दादांनी वही मागून घेतली. ओसरीवरचा एकजण म्हणाला, "बघा, मास्तर शाळंत बसून वस्तीला फूस लावून राहिला." दुसरा म्हणाला, "त्यो तसलाच. पोरींना त्या सुमनीचा हात धराया लावला म्हनं." ते शोभानं घरी सांगितलं होतं. मी आतून ओरडून सांगत होते की ते रसायनशास्त्र आहे, इलेक्ट्रॉनचं आहे. आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. वही परत मिळाली नाही. ती दादांच्या तक्रार अर्जासोबत वर जिल्हा परिषदेत गेली.

वर्गात तेव्हा आम्ही दहावीचे एकोणीसजण. बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर. सरांशिवाय गणित-विज्ञान शिकवणारं शाळेत कुणी नव्हतं. सुमनचं तर सगळं त्यांच्यावरच होतं. वस्तीवरची एकही पोरगी तोवर दहावी झाली नव्हती. सुमनला नर्स व्हायचं होतं, आणि शाळा सुटल्यावर सर तिला तासभर जास्तीचं शिकवायचे, लिंबाखाली, सगळ्यांना दिसेल असं. "ही पास होणार. नुसती पास नाही, पहिल्या वर्गात," ते आमच्यासमोर म्हणायचे. सुमन मान खाली घालायची, पण तिच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

चौकशीला वरून एक साहेब आले. हेडमास्तरांच्या खोलीत साहेब, दादा, हेडमास्तर आणि सर. मला बोलावलं तेव्हा खिडकीशी सगळा वर्ग जमला होता. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याला लवकर मिटवून परत जायचं होतं, एवढंच. त्यानं वही माझ्यापुढं धरली.

"हे अक्षर तुझं का गं?"

"हाव."

"सर काय म्हणाले होते? बंध का बांध?"

दादा माझ्याकडं रोखून बघत होते. तरी मी बोलले. आयुष्यात दादांसमोर मी तेवढं एकदाच खरं बोलले. "सर बंध म्हणाले, साहेब. काना माझा हाय. मला खोडच हाय तशी, सगळ्यांना म्हाईत हाय."

साहेब मोठ्यानं हसला. "घ्या सरपंच! लेकरानं एक काना जास्तीचा दिला आणि तुम्ही मला इथवर पळवलंत." दादा हसले नाहीत. म्हणाले, "तसं आसंल तर मास्तरनं लिहून द्यावं. सही करावी. आमचं काही म्हणनं न्हाई मग." साहेबाला ते पटलं. त्यानं तिथल्या तिथं कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि मोठ्यानं वाचून दाखवल्या. माझी मातृभाषा मराठी नसल्याने माझ्या उच्चारात गफलत होऊन गैरसमज झाला. ओढ्यावरील बांध सामाईक आहे असे मी म्हटलेले नाही व माझे तसे मतही नाही. "करा सही, आणि जा वर्गावर," साहेब म्हणाला.

सरांनी कागद घेतला. चष्मा लावला. खिशातून लाल पेन काढून त्यांनी साहेबाच्या लिखाणातल्या दोन चुका दुरुस्त केल्या, अगदी आमच्या वह्यांवर करायचे तशा, खाली रेघ मारून. मग कागद टेबलावर ठेवला. सही केली नाही.

"मी बांधच म्हणालो, साहेब."

मी ओरडले. "सर! बंध म्हणालात तुम्ही! सुमनच्या वहीत बघा!" आणि खरंच सुमनच्या वहीत बंधच होतं. ते मी स्वतः पाहिलं होतं. तिचा काना कधी चुकत नसे.

"तू गप बस, बेटा," सर म्हणाले. मग साहेबाकडं वळून म्हणाले, "आणि उच्चारात गफलत झाली नाही. माझं मराठी कच्चं नाही. तो बांध सामाईकच आहे. सगळ्यांनी माती वाहिली आहे त्याच्यावर." दादा उठून उभे राहिले. साहेबानं कपाळाला हात लावला. "अहो, कशाला वाकड्यात शिरता? मी वाट काढून देतोय तुम्हाला!" सरांनी लाल पेन परत खिशात घातलं. हेडमास्तर टेबलाच्या कापडाची घडी मोडत बसले होते.

बाहेर आले तर सुमन खिडकीखाली उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, तिचे डोळे भरून आले असतील, आपल्या पाण्यासाठी कुणीतरी बोललं म्हणून. तिनं मला फक्त विचारलं, "मग आता गणित कोण शिकवल?"

जिल्हा वेगळा झाल्यामुळं शिक्षक वाटून घ्यायच्या याद्यांचं काम तेव्हा चालूच होतं. कोण लातूरला राहणार, कोण उस्मानाबादेत जाणार, हे पुरतं ठरलं नव्हतं. त्यामुळं सरांना शिक्षा अशी काहीच झाली नाही. नुसतं त्यांचं नाव या यादीतून त्या यादीत गेलं. गाव मिळालं परंड्याच्या पलीकडचं, पार दुसऱ्या टोकाचं. आठ दिवसांत त्यांना जायचं होतं. बदली जागी कुणी येणार असं सांगितलं होतं, ते जूनपर्यंत आलं नाही.

ते निघाले त्या सकाळी आम्ही दहा-बाराजण फाट्यावर गेलो होतो. सरांची बायको ट्रंकेवर बसली होती, दोन मुलं पेंगत होती. सर आमच्याशी हसून बोलायचा प्रयत्न करत होते, तेवढ्यात सुमन पुढं झाली. ती कधी मोठ्यांशी वर मान करून बोलायची नाही. त्या दिवशी बोलली.

"सर, परीक्षा झाल्यावर म्हणला आसता तर?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. एसटी येईपर्यंत त्यांना उत्तर सुचलं नाही. सुमन उत्तराची वाट बघत उभी राहिली, आणि गाडी गेल्यावरही थोडा वेळ तशीच उभी होती.

पुढचं लिहायला हात उचलत नाही, पण लिहिलंच पाहिजे. काट्या निघाल्या नाहीत. होळीच्या आत डोह आमच्या इंजिननं उपसून कोरडा झाला, तेव्हा भांडणाचं कारणच संपलं. ऊस मात्र वाचला. दादांनी मला लातूरला मावशीकडं पाठवलं, गणित-विज्ञानाची शिकवणी लावली. "सरपंचाची पोर नापास झाली तर लोक शेण घालतील तोंडात," असं म्हणाले. मी गेले. एका शब्दानं नाही म्हणाले नाही. सुमन आमच्या त्या रिकाम्या वर्गात बसून एकटीच पुस्तक वाचत राहिली. गणितात आणि विज्ञानात गेली. जूनमध्ये निकाल लागला आणि वैशाखातच ठरवून ठेवलेलं लग्न उरकून ती ऊसतोडीला जाणाऱ्या घरात गेली. मी पहिल्या वर्गात पास झाले. त्यातही विज्ञानात सगळ्यांत जास्त गुण.

ते गुण मी आयुष्यभर खाल्ले. लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. बाहेरगावची पोरं खोल्या घेऊन राहायची आणि माझ्या तासाला दाराबाहेर उभी राहून ऐकायची. बंध शिकवताना मी कधी सामाईक म्हणाले नाही, सहसंयुजच म्हणाले. गावी गेले की सुमन दिसायची. ऊसतोड सुटल्यावर ती माहेरीच राहायला आली होती, अंगणवाडीत पोरांची खिचडी शिजवायची. "कवा आलीस?" ती विचारायची. "आजच," मी म्हणायची. "बरं हाय ना?" "हाव." याच्या पुढं आमचं बोलणं चाळीस वर्षांत गेलं नाही. मी नेलं नाही, असं म्हणायला हवं. तिनं काही वाट अडवलेली नव्हती.

सरांवर मी चिडून होते. मी वाघाच्या तोंडात हात घालून त्यांना सोडवलं होतं आणि ह्या माणसानं सगळ्यांसमोर मला खोटं पाडलं! कशासाठी? मराठी कच्चं म्हटल्याचा राग आला म्हणून? त्या एका शब्दाच्या मानापायी एकोणीस पोरांची दहावी? कधी वाटायचं, भला माणूस. कधी वाटायचं, हटवादी माणूस, दुसरं काही नाही. निवृत्त झाल्यावर कळलं की सर नांदेडला मुलाकडं असतात. आता तरी विचारून घ्यावं म्हणून गेले.

इतवाऱ्यातल्या अरुंद जिन्यावरून वर गेले तर सर खाटेवर बसलेले. खूप वाळले होते, पण नजर तीच. मी नाव सांगितलं. "काने वाटणारी!" ते म्हणाले, आणि इतक्या मनापासून हसले की मला रडू यायला लागलं. सुनेनं चहा आणला. मी तीस वर्षं शिकवलं, विभागप्रमुख होते, हे सगळं सांगितलं. ते ऐकत होते. शेवटी मी विचारलंच.

"सर, तुम्ही बंधच म्हणाला होता ना?"

"बंधच. माझी जबान साफ आहे."

"मग सही का केली नाही? तुमच्या मराठीला नावं ठेवली म्हणून?"

त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला. "त्याचाही राग आला," ते म्हणाले. "खोटं कशाला सांगू? लई राग आला. पण खालची ओळ होती ना. बांध सामाईक आहे असं माझं मत नाही. तिच्याखाली सही केली असती, तर तुम्हाला पुढं काय शिकवलं असतं मी?" मग त्यांनीच विचारलं, "सुमनचं काय झालं?"

मी सांगितलं. गणित-विज्ञानात गेली. ऊसतोड. अंगणवाडी. एकेक सांगताना त्यांची मान खाली जात होती.

"मी त्यांच्या पाण्यासाठी बोललो," ते म्हणाले, "आणि त्यांच्याच लेकराची दहावी गेली. सही केली असती तर ती पास झाली असती?"

मी नाही म्हणू शकले असते. म्हाताऱ्या माणसाला तेवढं खोटं कुणीही सांगतं. मी म्हणाले, "हो सर. पहिल्या वर्गात."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "आणि तुझी दहावी?"

"माझी झाली, सर. दादांनी लातूरला शिकवणी लावली."

"सुमनला घेऊन का नाही गेलीस?"

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलासुद्धा विचारला नव्हता. मावशीचं घर मोठं होतं. आणखी एक पोरगी तिथं सहज राहिली असती. मी निदान दादांना म्हणून बघू शकले असते, मावशीला म्हणू शकले असते, रोज शिकवणीत उतरवलेलं तिला पोस्टानं पाठवू शकले असते. मला सुचलंच नाही. सरांच्या हटवादीपणावर मी चाळीस वर्षं फुगून बसले, आणि हे मला एकदाही सुचलं नाही.

निघताना मी पाया पडायला वाकले. सरांनी पाय खाटेवर ओढून घेतले. "मला नको," ते म्हणाले. "मी माझं उत्तर तिला देईन तेव्हा देईन, माझ्यानं आता जिना उतरवत नाही. तुझे पाय चालतात. इथून उदगीरची गाडी जळकोटवरूनच जाते. तिच्याकडं जा."

"जाते, सर," मी म्हणाले.

स्टँडवर आले तर उदगीरची गाडी लागलेलीच होती. कंडक्टर "मुखेड, जळकोट, उदगीर" ओरडत होता, आणि खिडकीची जागा रिकामी दिसत होती. मी पाचेक मिनिटं तिच्या दाराशी उभी राहिले. मग पलीकडं जाऊन लातूरच्या गाडीत बसले.